‘कृष्णवर्णीय सुपरहिरो चालत नाही’ : खरं काय?

हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षं एक समज घट्ट बसला होता : नायक कृष्णवर्णीय असेल तर अमेरिकेबाहेर तिकिटं खपत नाहीत. हे खरं नाही.

1998 चा ‘ब्लेड’ घ्या. काळा लांब कोट, काळा गॉगल, हातात तलवार घेतलेला वेस्ली स्नाइप्स. साडेचार कोटी डॉलरच्या सिनेमानं जगभरात सुमारे 13 कोटी कमावले. 2008 मध्ये विल स्मिथचा ‘हॅनकॉक’ 60 कोटींच्या पुढे गेला. मग 2018 चा ‘ब्लॅक पँथर’ : 130 कोटींहून अधिक, त्यातले साठ-एक कोटी अमेरिका-कॅनडाबाहेरचे. अमेरिकेत कृष्णवर्णीय प्रेक्षक नेहमीपेक्षा जास्त आले, पारंपरिक आफ्रिकी पोशाख घालून, सहकुटुंब, सिनेमातल्यासारखी छातीवर हातांची फुली करून फोटो काढत. म्हणजे वर्णाचा परिणाम झालाच, पण गर्दी वाढवणारा.

मग कृष्णवर्णीय हॅले बेरी नायिका असलेला 2004 चा ‘कॅटवुमन’ का आपटला? पटकथा लंगडी होती म्हणून. 2011 चा ‘ग्रीन लँटर्न’ही आपटला, तेव्हा गोऱ्या नायकाच्या वर्णाला कुणी बोल लावला नाही. हा दुटप्पीपणा मला फार खुपतो, कारण त्यापायी कितीतरी चांगल्या नटांना संधीच मिळाली नाही.