ग्लायकोजेन आणि ग्लुकागॉन: बाळाचा पहिला दिवस

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचे पेपर तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘जन्मानंतर बाळाच्या यकृतातलं ग्लुकागॉन संपत जातं.’ लिहायचं असतं ग्लायकोजेन. दोन्ही नावं कानाला सारखीच लागतात, पण एक आहे साठा आणि दुसरा हुकूम. साठा आटत असतो त्याच तासांत हुकूम सर्वांत जोरात सुटलेला असतो. त्यामुळे इथे अदलाबदल झाली की अर्थच उलटा होतो.

ग्लायकोजेनचं सांगणं थोडक्यात उरकतं. ग्लुकोजचे रेणू जोडून झालेली फांद्याफांद्यांची साखळी म्हणजे ग्लायकोजेन. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत बाळाचं यकृत ते साठवून ठेवतं. नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद. पूर्ण दिवसांच्या बाळालाही ही शिदोरी साधारण अर्धा दिवसच पुरते.

ग्लुकागॉन हे स्वादुपिंडातल्या अल्फा पेशींमधून रक्तात येणारं संप्रेरक. जन्मानंतर ते झपाट्याने वाढतं आणि इन्सुलिन उतरतं. ‘ग्लायकोजेन फोडून साखर सोडणं’ हे त्याचं काम मुलींना पाठ असतं. पण ग्लुकागॉन यकृताला साखरेवरून मेदावर आणतं, हे काम मला त्याहून मोलाचं वाटतं.

पोटात असताना साखर मुबलक असते, म्हणून यकृत मेद जाळत नाही, उलट तयार करतं. त्यासाठी एसीसी नावाचं विकर (एन्झाइम) मॅलोनिल-कोए नावाचा रेणू बनवतं. हा मेदाचा कच्चा माल, आणि तोच मेद जाळण्याची वाटही अडवतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली मेद जाळायची भट्टी; तिच्या दाराशी सीपीटी-१ हे विकर असतं. लांब साखळीची मेदाम्लं त्याच्याच हातून आत जातात, आणि मॅलोनिल-कोए नेमका त्याचाच हात धरून ठेवतो. ग्लुकागॉन आलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो, एसीसीवर फॉस्फेट चढून ते थंडावतं, मॅलोनिल-कोए घटतं आणि सीपीटी-१ मोकळं होतं. याला दिवस लागत नाहीत. शिवाय उंदरांच्या नवजात पिल्लांमध्ये सीपीटी-१ आणि कीटोन (मेदापासून यकृतात बनणारं इंधन) बनवणाऱ्या विकराची जनुकंही जन्मानंतर जागी होतात. इन्सुलिन त्यांना दाबून ठेवतं.

आईच्या दुधातल्या जवळजवळ निम्म्या कॅलरी मेदातून येतात. ते दूध पोटात पडेपर्यंत ते जाळायची तयारी यकृतात सुरू झालेली असते. त्यातून बनणारे कीटोन मेंदूला चालतात, आणि मेदाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर यकृत नवं ग्लुकोजही घडवतं.

वॉर्डात हा फरक दोन बाळांत दिसतो. पहिलं बाळ मधुमेही आईचं, गुटगुटीत. साठा भरपूर, पण आईची साखर सतत जास्त राहिल्यामुळे त्याचं स्वतःचं इन्सुलिन चढलेलं. ग्लुकागॉनचा हुकूम चालतच नाही. टाचेतून रक्ताचा थेंब घेतला की ग्लुकोमीटरवर साखर कमी दिसते, आणि मेदही कुलपात असल्यामुळे मेंदूला कीटोनचा आधारही मिळत नाही. म्हणून अशा बाळाच्या साखरेकडे आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. दुसरं बाळ पोटातच वाढ खुंटलेलं, हडकुळं. त्याची शिदोरीच रिकामी. त्याला ग्लुकागॉनचं इंजेक्शन दिलं तरी साखर फारशी वर येत नाही, कारण फोडायला ग्लायकोजेनच नसतं. तिथे शिरेतून ग्लुकोजच द्यावं लागतं.