उपदेशश्रवण, ख्रिस्ती

ख्रिस्ती उपासनेत बायबलचा उतारा वाचून झाल्यावर त्यावर होणारे निरूपण समाजाने एकत्र जमून ऐकणे, त्याचे मनन करणे आणि ते आचरणात आणणे, या साधनेला उपदेशश्रवण म्हणतात. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या निरूपणाला ‘संदेश’ किंवा ‘उपदेश’ म्हणतात, कॅथलिकांत ‘प्रवचन’ हा शब्द रूढ आहे. उपदेशकला, उपदेशकांची चरित्रे आणि उपदेशसंग्रह यांवर विपुल लेखन झाले. ऐकणाऱ्यांकडे त्या मानाने फारच कमी लक्ष गेले. पण उपलब्ध साधने नीट पाहिली, तर या प्रथेचे रूप श्रोत्यांनीही तितकेच घडवले आहे, असे दिसते.

शास्त्राधार : जुन्या करारातील नहेम्याच्या ग्रंथात (अध्याय ८) या प्रथेचे सर्वांत तपशीलवार वर्णन येते. यरुशलेमात पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. तो ग्रंथ उघडतो तेव्हा सगळे लोक उठून उभे राहतात आणि लेवी (मंदिरसेवक) त्यांना अर्थ समजावून सांगतात. नव्या करारात श्रवणातून विश्वास उत्पन्न होतो, असे पौल रोमकरांस लिहितो. केवळ ऐकणारे न राहता वचनाप्रमाणे करणारे व्हा, अशी याकोबाच्या पत्रात ताकीद आहे. बिरुया येथील लोकांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने स्वीकारले आणि ते तसेच आहे की नाही, हे रोज शास्त्रात शोधून पाहिले, म्हणून प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची प्रशंसा केली आहे. मराठी उपदेशक श्रोत्यांना आजही याच बिरुयाकरांचा दाखला देतात. त्याच ग्रंथात त्रोवस येथे पौलाचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत लांबले आणि खिडकीत बसलेला युतुख हा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हीही हकीकत आहे.

उगम : ख्रिस्ती उपदेशश्रवणाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंपरेने मान्य झालेल्या मतानुसार ही प्रथा यहुदी सभास्थानातून आली. लूकच्या शुभवर्तमानात (४:१६–२१) येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहून यशयाचा उतारा वाचतो, गुंडाळी परत करतो आणि खाली बसून बोलू लागतो. पिसिदियातील अंत्युखियात नियमशास्त्र व संदेष्टे यांचे वाचन झाल्यावर सभास्थानाचे अधिकारी पौलाला बोधवचन सांगण्याची विनंती करतात (कृत्ये १३:१५). शब्बाथ दिवशी एकाने वाचावे आणि दुसऱ्या जाणत्याने अर्थ सांगावा, असे आलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो इ. स. पहिल्या शतकात नोंदवतो. यरुशलेममध्ये १९१३–१४च्या उत्खननात सापडलेल्या थिओडोटसच्या ग्रीक शिलालेखातही सभास्थान ‘नियमशास्त्राचे वाचन व आज्ञांचे शिक्षण’ यांसाठी बांधल्याचा उल्लेख आहे. हा लेख बहुतेक तज्ज्ञ इ. स. ७०च्या आधीचा मानतात. तो नंतरचा असावा असे म्हणणारेही काही आहेत.

दुसरा पक्ष ग्रीक-रोमन जगाकडे बोट दाखवतो. रूडोल्फ बुल्टमान यांनी १९१०मध्ये पौलाच्या शैलीची तुलना सिनिक व स्टोइक तत्त्वज्ञांच्या लोकाभिमुख संभाषणशैलीशी केली. पुढे काही अभ्यासकांनी घरोघर भरणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या सहभोजनाकडे लक्ष वेधले : भोजनानंतर कोणी स्तोत्र म्हणे, कोणी बोध करी, कोणी संदेश देई आणि इतरांनी त्याची पारख करावी, अशी पौलाची करिंथकरांना सूचना होती (१ करिंथ १४:२६–२९). या मतानुसार एकाने बोलावे व बाकीच्यांनी निमूट ऐकावे ही रीत नंतरची होय. मंडळ्या वाढल्या आणि घरातून सभागृहात आल्या, तशी ती रुळली.

दोन्ही मतांना अडचणी आहेत. सभास्थानातील निरूपणांचे जे नमुने उपलब्ध आहेत ते रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) संकलनांतले, म्हणजे नव्या करारानंतरचे. त्यामुळे रचनेची थेट तुलना करता येत नाही. उलट सहभोजनाच्या मतात शास्त्रवाचनाला इतके महत्त्व का मिळाले, याचा पुरेसा उलगडा होत नाही. वाचन आणि त्यापाठोपाठ अर्थविवरण ही चौकट सभास्थानाची, आणि श्रोत्यांचा सहभाग व पारख हे अंग घरमंडळीचे, असे मानणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून आहे.

बायबलबाहेरचा सर्वांत जुना उपदेश म्हणून रोमचा बिशप क्लेमेंट याच्या नावावर मोडणारे तथाकथित दुसरे पत्र दाखवले जाते. ते क्लेमेंटचे नाही आणि पत्रही नाही. त्याचा काळ दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा धरतात. स्थळ करिंथ, रोम की आलेक्झांड्रिया, यावर वाद आहे. शास्त्रवाचन झाल्यावर वाचून दाखवण्यासाठी ते लिहिले होते, हे त्याच्या मजकुरातूनच कळते. वडील बोध करीत असतानाच लक्ष द्यावे एवढे पुरे नाही, घरी गेल्यावरही प्रभूच्या आज्ञा आठवाव्यात, असे त्यात श्रोत्यांना बजावले आहे. साधारण त्याच काळात (सु. १५५) जस्टिन मार्टर रविवारच्या सभेचे वर्णन करतो : वेळ असेल तोवर प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचतात, वाचक थांबला की अध्यक्ष बोध करतो, मग सगळे उठून प्रार्थना करतात.

श्रोते व श्रवणाचे शिष्टाचार : तिसऱ्या शतकात पॅलेस्टाइनमधील सीझरिया येथे ख्रिस्ती विद्वान ओरिजेन जवळजवळ रोज उपदेश करी. काही जण कोपऱ्यात गप्पा मारतात, वाचन संपताच निघून जातात, अशा तक्रारी त्याच्या उपदेशांत आहेत. प्रभूच्या शरीराचा (म्हणजे प्रभुभोजनातील भाकरीचा) कणही खाली सांडू नये म्हणून तुम्ही जपता. मग वचन निष्काळजीपणे सांडणे हा कमी अपराध कसा, असा त्याचा सवाल होता. श्रवणाला साक्रामेंताच्या (पवित्र संस्काराच्या) तोडीचे मानणारे हे विधान पुढे पुष्कळदा उद्धृत झाले आहे.

सिरियातील अंत्युखियात व नंतर कॉन्स्टँटिनोपलात जॉन क्रिसोस्तोमच्या उपदेशाला लोक टाळ्या वाजवत आणि तो त्यांना परोपरीने मना करी. चर्चमधून घरी गेल्यावर ग्रंथ हाती घ्यावा, बायकामुलांना बोलावून ऐकलेले पुन्हा उजळावे, असा त्याचा आग्रह होता. लघुलेखक उपदेश उतरवून घेत. ओरिजेन, क्रिसोस्तोम आणि ऑगस्टीन यांचे उपदेश आज वाचायला मिळतात त्याचे मोठे श्रेय या अनाम लेखकांना आहे.

उपदेशक आसनावर बसलेला आणि श्रोते उभे, अशी त्या काळची मांडणी होती. ऑगस्टीनने इ. स. ४००च्या सुमारास, नवख्या श्रोत्याला उभे राहून शीण येत असेल तर बसायला सांगावे, समुद्रापलीकडच्या काही चर्चमध्ये तशी सोय आहे, असे सुचवले. आर्लचा बिशप सिझेरियस (कार्यकाळ ५०२–५४२) लोक शुभवर्तमान ऐकून बाहेर पडू लागले की दारे लावून घेई, असे त्याचे चरित्रकार सांगतात. बसण्यासाठी कायम बाके मात्र मध्ययुगाच्या उत्तरार्धात व धर्मसुधारणेनंतरच सर्रास दिसू लागली.

मध्ययुगात फ्रान्सिस्कन व डोमिनिकन संघांनी उपदेश चौकात आणि बाजारात नेला. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेने तो उपासनेच्या केंद्रस्थानी आणला. १ जानेवारी १५१९ रोजी झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीने, त्या त्या दिवसासाठी नेमलेले तुटक उतारे सोडून मत्तयाचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून क्रमाने समजावण्यास आरंभ केला. धर्मसुधारक कॅल्व्हिन १५४१मध्ये जिनीव्हाला परतला, तेव्हा हद्दपारीपूर्वी जेथे थांबला होता त्याच्या पुढच्या वचनापासून त्याने विवरण सुरू केले. १५४९पासून दनी राग्निये हा लघुलेखक त्याचे उपदेश टिपू लागला. इंग्लंडातील प्युरिटन कुटुंबांत श्रोते वहीत मुद्दे लिहून घेत आणि संध्याकाळी घरच्या मंडळींसमोर उपदेशाची उजळणी होई. कॅथलिक चर्चमध्ये ट्रेंट परिषदेने १५४६मध्ये बिशप व धर्मगुरूंवर उपदेशाचे कर्तव्य घातले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये प्रवचन हे उपासनेचेच अंग ठरवले आणि रविवारी व सणांच्या दिवशी ते गंभीर कारणाशिवाय वगळू नये असे सांगितले.

मराठीतील परंपरा : मराठी ख्रिस्ती श्रवणपरंपरेचा आरंभ गोव्यात होतो. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स (मृत्यू १६१९) यांचे ख्रिस्तपुराण १६१६मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ श्रोत्यांसाठी रचला होता, हे त्याच्या प्रस्तावनाप्रसंगावरूनच दिसते. गोव्यातील साष्टीत पाद्री-गुरू मुलांना धर्मतत्त्वे शिकवीत असता एक ब्राह्मण पुढे येतो आणि म्हणतो, की ही शिकवण चांगली आहे, पण आम्हांला ऐकायला पुराणे हवीत. जुनी वाचायला बंदी केली, तर त्या जागी दुसरी द्या. तिथून पुढे सगळे कथन गुरू आणि श्रोते यांच्या संवादातून चालते. मध्येच कोणी शंका विचारतो आणि गुरू तिचे निरसन करतो. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरु (अध्याय) जुन्या कराराचे, दुसऱ्यात ५९ येशूच्या चरित्राचे. पुढे एतिएन द ला क्रुआ याने संत पीटरच्या जीवनावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६२९ व १६३४ मध्ये दोन भागांत छापला गेला.

ख्रिस्तपुराणाच्या मूळ लिपीविषयीचा वाद येथे संबद्ध आहे. सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्या (१६१६, १६४९, १६५४) रोमन लिपीत निघाल्या आणि त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; १९०७ची सालढाणांची मंगळूर आवृत्ती हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रत उजेडात आणली. तिच्यात रोमन पाठातील अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. त्यामुळे तीच मूळ परंपरेला जवळची, असे अ‍ॅबट यांना वाटले. रोमन पाठ मूळ मानणारे म्हणतात, की पोर्तुगीज शब्द हे तेव्हाच्या चर्चमध्ये रोज कानी पडणारे शब्द होते आणि संस्कृत रूपे मागाहून बसवली असावीत. लिहिता-वाचता न येणाऱ्या श्रोत्याला लिपीने फरक पडत नव्हता, पण शब्दाने पडत होता. या कसोटीवर दुसरे मत अधिक पटते. मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत उपवासकाळात या पुराणाचे वाचन दीर्घकाळ चालू होते, असे सांगितले जाते. गोव्यात मात्र स्थानिक भाषेविरुद्ध निघालेल्या १६८४च्या फर्मानानंतर अशा ग्रंथांना उतरती कळा लागली.

पश्चिम महाराष्ट्रात ही परंपरा नव्याने सुरू झाली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३मध्ये मुंबईत आले आणि १८३१मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे झाले. तेथील उपदेश इंग्रजी-अमेरिकी वळणाचा होता : एक वचन, त्याचे मुद्दे, शेवटी लागूकरण (ते जीवनाला कसे लागू करावे, हे सांगणे). गावोगावच्या श्रोत्यांना एका जागी बसून असे भाषण ऐकण्याची सवय नव्हती. त्यांचा कान कीर्तनावर पोसला होता. १८६०च्या दशकात नगरचे कवी कृष्णराव सांगळे यांनी बायबलकथेवर कीर्तन उभे केले. ख्रिस्ती कीर्तनाचा आरंभ रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून (१८६१–१९१९) झाला, असा समज बराच पसरला आहे. टिळकांनी या प्रकाराला काव्य आणि प्रतिष्ठा दिली हे खरे. पण त्यांचा बाप्तिस्मा १८९५चा आहे आणि तोवर ख्रिस्ती कीर्तन नगर परिसरात तीन दशके रुजलेले होते. सांगळे यांचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे.

ख्रिस्ती कीर्तनाची बांधणी बहुतांशी नारदीय आहे. त्रैक्याला (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना) नमन, पूर्वरंगात एखादे वचन घेऊन विवरण, मध्ये सर्वांनी मिळून भजन, उत्तररंगात त्याच वचनाचा दाखला म्हणून आख्यान. उधळ्या पुत्राची गोष्ट यासाठी विशेष आवडती. साकी, दिंडी, कटाव, अभंग; साथीला पेटी, तबला, झांजा. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपदेश आणि रात्री अंगणात सतरंजीवर कीर्तन, अशी विभागणी अनेक गावांत होती. चर्चच्या उपदेशाला बाप्तिस्मा घेतलेली मंडळी येत, कीर्तनाला सारा गाव जमे. श्रोता इथे ध्रुपद उचलून धरतो आणि कीर्तनकाराने अर्धवट सोडलेली ओळ पुरी करतो. वचन तोंडपाठ होते ते असे. नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांत अक्षरओळख नसलेले, अस्पृश्य मानलेल्या जातींतले लोक मोठ्या संख्येने होते. वाचायला शिकण्याआधीच त्यांचा बायबलशी परिचय कानाने झाला, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती समाजाच्या घडणीत फार मोलाची आहे.

सद्यस्थिती : प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शास्त्रपाठ जाहीर होताच – ‘योहान, अध्याय तीन, वचन सोळापासून’ – पाने उलटल्याचा आवाज उठतो आणि बायबल उघडून वचनावर बोट ठेवूनच संदेश ऐकण्याची शिस्त लहानपणापासून लागते. शब्बाथशाळेतील मुखपाठ वचन, घरोघरच्या प्रार्थनासभा, संजीवन (श्रद्धाजागृतीच्या) सभा आणि शुभ शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर होणारे सलग उपदेश ही तिची इतर रूपे आहेत. सात उद्गारांच्या तीन तासांच्या उपासनेचा उगम पेरूतील लिमा शहरी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, जेझुइट धर्मगुरू आलोन्सो मेसिया यांच्याकडे नेतात.

वसई व मुंबई परिसरातील कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात आणि प्रवचन त्यांवरच होते. शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात. कपाळ, ओठ आणि छाती यांवर अंगठ्याने क्रूसाची लहान खूण करतात : वचन बुद्धीत, वाणीत आणि अंतःकरणात राहावे म्हणून. मग प्रवचनासाठी बसतात. ते किती लांब असावे, हा जुना प्रश्न आहे. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४मध्ये आठ मिनिटांची मर्यादा सुचवली. मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत अर्ध्या तासाचा संदेश कोणाला लांबलेला वाटत नाही.

प्रक्षेपित उपदेश : चर्चमधील उपासनेचे पहिले रेडिओ प्रक्षेपण २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्ग येथून झाले. व्हॅटिकन रेडिओ १९३१मध्ये सुरू झाला. सेशेल्स बेटांवरील फेबा या ख्रिस्ती रेडिओ केंद्रावरून १९७०पासून भारतीय भाषांतील कार्यक्रम लघुलहरींवर ऐकू येऊ लागले. ध्वनिफिती आणि आता मोबाइल यांमुळे हवा तो उपदेशक हव्या त्या वेळी ऐकता येतो. आजारी, वृद्ध आणि परगावी एकटे राहणारे यांना याचा मोठा आधार झाला आहे. मात्र शेजारी बसून तेच वचन ऐकलेला दुसरा माणूस, ज्याच्याशी बोलून पारख करावी असे पौलाने करिंथकरांना सांगितले, तो या श्रवणात नसतो. त्यामुळे काही मंडळ्यांत आठवड्यात ऐकलेल्या संदेशावर घरसभेत एकत्र चर्चा करण्याची पद्धत पडली आहे.