पार्श्वभूमी : बाभळीचे नाव ऑस्ट्रेलियाला कसे गेले

जुन्या वनस्पतिसूचीत बाभूळ 'अकेशिया निलोटिका' या नावाने सापडते, नव्या सूचीत 'वाचेलिया निलोटिका' या नावाने. हिवरही तिच्यासोबत वाचेलियात गेला, खैर आणि शिकेकाई सेनेगालियात. रस्त्याकडेला लावली जाणारी बिनकाट्यांची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच राहिली. हा उलटा न्याय 2005 मधल्या एका मतदानातून आला. त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरे.

1753 मध्ये बाभळीची नोंद लाजाळूबरोबर मिमोसा या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) झाली. पुढच्याच वर्षी अकेशिया ही प्रजाती वेगळी मांडली गेली. 1842 मध्ये तिची खूण ठरली ती अशी : पुंकेसर पुष्कळ आणि सुटे. खूण सोयीची होती, पण फारच सैल. अनेक खंडांतली गोंडेदार फुलांची झाडे त्यात जमा होत गेली आणि जातींची संख्या 1,300 च्या वर पोचली.

फुलांवर विसंबल्यामुळेच हा गोतावळा वाढला. परागण करणाऱ्या कीटकाच्या अंगाला सुटे परागकण न लागता अनेकदा 16 कणांचा एकेक गठ्ठा लागतो. हे बाभळीत आहे, खैरात आहे आणि ऑस्ट्रेलियन जातींतही आहे. फरक दिसतो तो काट्यांत आणि बियांत. बाभळीचे काटे सरळ आणि जोडीने येतात, खैराचे आकड्यासारखे वळलेले असतात. बहुतेक ऑस्ट्रेलियन जातींना काटेच नसतात. पानाचा देठ चपटा होऊन पानाचे काम करतो. बाभळीची शेंग उकलत नाही. शेळ्या आणि रानातले चरणारे प्राणी ती खातात आणि बी दूरवर पडते. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या पिळदार शेंगेतून मात्र काळे बी पिवळ्या-नारिंगी दोरीला लटकते. तिच्या गटातल्या कित्येक जातींचे बी मुंग्या नाहीतर पक्षी नेतात.

1986 मध्ये या प्रजातीचे तीन तुकडे करण्याची सूचना आली, पण ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. नंतर डीएनएच्या अभ्यासाने अकेशियातल्या सगळ्या जाती एकाच वंशाच्या नाहीत हे उघड केले आणि पाच प्रजाती वेगळ्या कराव्या लागल्या. मग मूळ नाव कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला.

नियम स्पष्ट होता. नाव ज्या नमुन्यावर बेतलेले, त्याच्याच गटाकडे ते राहते, आणि नमुना बाभळीचा होता. नावाचा उगमही काट्याच्या ग्रीक शब्दात आहे. पण 2003 मध्ये नमुनाच बदलून एक ऑस्ट्रेलियन जाती घ्यावी, असा प्रस्ताव आला. तिथे या गटाच्या हजाराच्या आसपास जाती आहेत, नियम पाळला तर त्या सगळ्यांची नावे बदलतील, आणि वाचेलियाच्या जाती तर जेमतेम दीडशेच्या घरात, हा युक्तिवाद. संख्येचा मुद्दा खोटा नव्हता. पण आफ्रिका आणि आशियात ही झाडे किती लोकांच्या वापरात आहेत, त्याला या हिशेबात जागा नव्हती.

तज्ज्ञांच्या समितीने प्रस्ताव उचलून धरला. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र अधिवेशनात सुमारे 55 टक्के मते विरोधात पडली, तरी प्रस्ताव टिकला. समितीची शिफारस उलटवायला 60 टक्के मते लागतात, असा अर्थ तिथे लावला गेला. बहुमत विरोधात असताना निर्णय मंजूर धरणे कितपत रास्त, यावर पुढली सहा वर्षे नियतकालिकांत वाद झडले. काहींनी नवी नावे वापरायलाच नकार दिला.

2011 चे अधिवेशन मेलबर्नला, म्हणजे ऑस्ट्रेलियातच भरले. तिथे व्हिएन्नाचा निर्णय कायम झाला आणि दोन्ही गटांना अकेशिया शब्द असलेली जोडनावे देण्याची तडजोडही फेटाळली गेली.

वाचेलिया हे नाव काही त्या वेळी शोधून काढलेले नव्हते. 1834 मध्ये भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ते आले होते आणि मग दीडशेहून अधिक वर्षे अडगळीत पडले. सेनेगालिया 1838 चे. तिच्यातूनही 2017 मध्ये आणखी दोन प्रजाती वेगळ्या काढल्या गेल्या. त्याच वर्षीच्या नव्या मांडणीत बाभळीचे जुने उपकुलही (अनेक प्रजातींचा मोठा गट) मोडीत निघाले आणि ही सगळी झाडे बहाव्याच्या उपकुलात जाऊन बसली. त्यावर मात्र एवढा गदारोळ झाला नाही.