बत्तिशी गेल्यावर

सगळे दात गेलेल्या माणसाला 'इम्प्लांट बसवू', म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू घालून त्यावर दात बसवू, असं सांगितलं की तो मनातल्या मनात हिशेब मांडतो: एका जबड्यात चौदा दात, म्हणजे चौदा स्क्रू, म्हणजे हाडाला चौदा भोकं! हिशेब चुकीचा आहे. एका जबड्याला बहुधा चार ते सहा स्क्रू पुरतात आणि त्यांच्यावर बारा-चौदा दातांची एकसंध कमान बसते. दात मोजण्यापेक्षा त्यांच्याखाली हाड किती उरलंय, हे पाहणं महत्त्वाचं.

दात धरून ठेवणारा जबड्याचा कंगोरा असतोच मुळी दातांसाठी. दात उगवताना तो घडतो आणि दात गेले की झिजायला लागतो. चावताना मुळांवाटे हाडावर येणारा ताण थांबला की शरीर ते हाड राखण्याची तसदी घेत नाही. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात झीज सर्वांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही. नीट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते, तेव्हा बनवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नसतो. कवळी तेवढीच असते, खालची जमीन खचलेली असते. त्यातही खालच्या कवळीचे हाल जास्त. वरच्या कवळीला टाळूची ऐसपैस जागा मिळते, लाळेच्या पातळ थरावर ती चिकटून राहते. खालच्या कवळीच्या वाट्याला येतो एक अरुंद कंगोरा, आणि मधे जीभ, जी एक क्षण स्वस्थ बसत नाही.

हे स्क्रू बहुधा टायटॅनियम या धातूचे असतात, आणि तो या गोष्टीत शिरला ते आडवाटेने. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक छोटी नळकांडी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना, हाडाने तिला धरून ठेवलं होतं. एखाद्याने वैतागून महागडं उपकरण वाया गेलं म्हणून सोडून दिलं असतं. ब्रोनेमार्क त्या चिकटण्याच्याच मागे लागले. १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसले, आणि ते त्याला चाळीसहून अधिक वर्षं पुरले.

यामागे धातूची एक खोड आहे. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. शरीराची गाठ त्या थराशीच पडते. तो गंजत नाही, विरघळत नाही, आणि हाडाच्या पेशी त्याला थेट भिडून नवं हाड रचतात. मधे गोंद नाही की सिमेंट नाही.

मात्र हाड जिवंत असतं, याचं भान भोक पाडताना ठेवावं लागतं. सत्तेचाळीस अंश सेल्सिअसचं तापमान मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते. म्हणून ड्रिल कमी वेगाने, थांबत थांबत चालतं आणि त्यावर सलाइनच्या गार पाण्याची धार सतत पडत असते. खुर्चीवरच्या माणसाला वाटतं, तोंडात इतकं पाणी कशाला सोडतायत!

जबड्याच्या मागच्या बाजूला दोन अडचणी असतात. वर सायनसची, म्हणजे गालामागची हवेची पोकळी, खाली ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस. हाड झिजलेलं असेल तर तिथे सरळ स्क्रूला जागाच उरत नाही. १९९०च्या दशकात लिस्बनचे पाउलो मालो यांनी यावर जी रीत रूढ केली ती फार नामी आहे: पुढचे दोन स्क्रू सरळ आणि मागचे दोन तिरके, अगदी पंचेचाळीस अंशांपर्यंत कललेले. तिरका स्क्रू पुढच्या चांगल्या हाडात रुततो, पण त्याचं डोकं हिरडीतून बरंच मागे बाहेर येतं. त्यामुळे कमानीला मागेपर्यंत आधार मिळतो आणि बऱ्याच जणांचं हाड भरण्याचं वेगळं ऑपरेशन टळतं.

'एका दिवसात फिक्स दात' ही जाहिरात अर्धी खरी आहे. स्क्रू हाडात पुरेसे घट्ट बसले असतील तर त्याच दिवशी कमान लावता येते, पण ती तात्पुरती, अ‍ॅक्रिलिकची. पक्की कमान काही महिन्यांनी येते. मधल्या काळात एक गंमत घडते, आणि ती पेशंटला सांगायलाच हवी. सुरुवातीची पकड ही निव्वळ लाकडात बसलेल्या स्क्रूसारखी असते. मग शरीर भोकाच्या कडेचं दुखावलेलं हाड काढून टाकतं आणि नवं रचू लागतं. जुनं गेलंय, नवं पुरतं आलेलं नाही, अशा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यांच्या सुमारास पकड सर्वांत कमकुवत असते. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, आणि माणसाला काहीतरी कडक चावून पाहण्याची हुक्की येते! स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून फारसा जास्त हलत राहिला तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर तयार होतो, आणि तो स्क्रू मग धरत नाही. म्हणून मऊ खाण्याचं पथ्य दोन-तीन महिने चालतं.

हा उपचार सगळ्यांनाच लागतो असंही नाही. खालच्या जबड्यात पुढे दोनच स्क्रू घालून त्यांच्यावर चाप बसणारी, काढता-घालता येणारी कवळी करता येते. कवळी हलते एवढीच तक्रार असलेल्याला मी आधी हाच पर्याय विचारायला सांगेन. धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह, जबड्याला दिलेलं रेडिएशन, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली काही औषधं, हे सगळं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं.

खऱ्या दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मधे साधारण पाव मिलिमीटरची तंतूंची गादी असते, आणि तिच्यात संवेदनांचं जाळं. घासातला बारीकसा कण दाताखाली आला की जबडा आपोआप थबकतो, तो या गादीमुळे. इम्प्लांटला ती नसते. दाब हाडाला कळतो, पण उशिरा आणि जाडाभरडा, त्यामुळे सुरुवातीला लोक गरजेपेक्षा जोरात चावतात आणि कमानीचे टवके उडतात.

हे दात किडत नाहीत, पण भोवतालची हिरडी आणि हाड सडू शकतं. आतलं हाड खाली सरकत जातं तरी बरेचदा काहीच दुखत नाही. म्हणून कमान आणि हिरडी यांच्यामधल्या फटीतून रोज बारीक ब्रश नाहीतर जाड फ्लॉस फिरवावा लागतो. आणि तपासणीला गेलं की डॉक्टर गरजेप्रमाणे दातांवरची छोटी बुजवलेली भोकं उघडतात, कमान धरून ठेवणारे छोटे स्क्रू (हाडातले नव्हेत) सैल करतात आणि सगळी कमान उचलून हातात घेतात. तिची खालची बाजू पाहिली की घरी ब्रश किती फिरला ते लगेच कळतं.