चिंचेने उजळलं, भावाने उतरलं

इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीची भांडी घासताना आजीच्या डब्यातली होळकरी नाणीही चिंचेच्या कोळात पडतात. लखलखीत नाण्याला भाव जास्त, हा समज जुना आणि साफ चुकीचा. दुसऱ्या यशवंतराव होळकरांचं १९३५ सालचं तांब्याचं अर्ध्या आण्याचं नाणं घ्या. त्यावरची तपकिरी झाक म्हणजे मळ नव्हे. हवा लागून वर्षानुवर्षं चढलेला तो थर खालच्या धातूला जपतो. चिंचेतलं आम्ल तो थर खातं, घासणीने बारीक ओरखडे उठतात. पीसीजीएस, एनजीसीसारख्या ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे नाण्याची प्रत ठरवणाऱ्या संस्था, नाण्याला १ ते ७० मधला अंक देतात. घासलेलं ओळखू आलं की बहुधा अंक नाहीच, नुसता ‘साफ केलेलं’ असा शेरा; भाव उतरतो तो इथेच. सराफ्यातली झळाळी पैंजणांना शोभते हो! धूळच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, न पुसता वाळू द्या.