क्रीडालीगचा परदेशविस्तार

एका देशात स्थापन झालेल्या व्यावसायिक साखळी स्पर्धेने आपले संघ, सामने किंवा मालकी दुसऱ्या देशात नेणे, याला क्रीडालीगचा परदेशविस्तार म्हणतात. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात : परदेशी शहरात कायमचा संघ वसवणे, देशातल्याच दोन संघांचा गुणतक्त्यात धरला जाणारा सामना परदेशात खेळवणे आणि संघमालकांनी परक्या लीगमधील संघ विकत घेणे. प्रदर्शनी दौरे यात धरत नाहीत. स्वॉन्झी, कार्डिफ हे वेल्सचे संघ इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये खेळतात, तोही विस्तार नव्हे; वेल्समध्ये स्वतःची राष्ट्रीय लीग १९९२ मध्ये निघाली, त्याच्या कितीतरी आधीपासून ते तेथे होते.

उगम : सीमेपलीकडे गेलेली पहिली व्यावसायिक लीग कोणती, याबद्दल एकमत नाही. बेसबॉलचे अभ्यासक १८७७ च्या इंटरनॅशनल असोसिएशनकडे बोट दाखवतात. अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांतील संघ तिच्यात होते आणि पहिले अजिंक्यपद कॅनडातील लंडन (ओंटारिओ) येथील टेकमसेज संघाने मिळवले. मात्र ही संस्था म्हणजे वर्गणी भरून सदस्य झालेल्या संघांची सैल मोट होती. आज आपण ज्याला लीग म्हणतो तिची लक्षणे, म्हणजे मर्यादित संघसंख्या व पक्के वेळापत्रक, तिच्यात पुरती आढळत नाहीत.

आइस हॉकीच्या बाजूने तीन तारखा पुढे केल्या जातात. नॅशनल हॉकी लीग १९१७ मध्ये माँट्रिऑल येथे स्थापन झाली आणि १९२४ मध्ये बॉस्टन हा तिचा पहिला अमेरिकी संघ ठरला. दोनच वर्षांत तिच्या १० पैकी ६ संघ अमेरिकेतले झाले. त्याआधी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील लीगमध्ये १९१४ साली पोर्टलंड व पुढच्या वर्षी सिअ‍ॅटल दाखल झाले होते. १९१७ मध्ये सिअ‍ॅटलने आइस हॉकीतील सर्वोच्च मानला जाणारा स्टॅन्ली कप जिंकला, आणि तो मान प्रथमच अमेरिकी शहराकडे गेला. तिसरा दावा १९०४ ते १९०७ या काळात चाललेल्या इंटरनॅशनल हॉकी लीगचा. पिट्सबर्ग, मिशिगनमधील तीन गावे आणि कॅनडातील एक असे तिचे पाच संघ होते. पैकी दोन गावांचे नाव एकच, सू सेंट मेरी. मध्ये नदी, एक काठ अमेरिकेचा, दुसरा कॅनडाचा. खेळाडू बहुतेक कॅनडाचे असत. कारण मायदेशी खेळण्याचे पैसे घेणाऱ्यावर हौशी संघटना बंदी घालत, तर मिशिगनच्या तांब्याच्या खाणींच्या मुलखात पैसा मुबलक होता. कॅनडात उघड मानधन सुरू होताच खेळाडू परतले आणि लीग मोडली. व्यावसायिकता व ठरलेले वेळापत्रक हे निकष लावल्यास १९०४ चा दावा अधिक सबळ वाटतो. मात्र ही लीग जन्मतःच दोन देशांची होती. ‘विस्तार’ हा शब्द काटेकोरपणे घ्यायचा तर १९१४ कडेच यावे लागते.

बास्केटबॉलबाबत असा वाद नाही. आजच्या एनबीएच्या पूर्वज लीगचा पहिलाच सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरांटोत झाला. यजमान हस्कीज संघाच्या जॉर्ज नॉस्ट्रँडची उंची ६ फूट ८ इंच. त्याच्याहून उंच प्रेक्षकाला त्या दिवशी फुकट प्रवेश होता. न्यूयॉर्कने सामना ६८–६६ असा जिंकला आणि हस्कीज एका हंगामात बंद पडले. टोरांटोला पुन्हा संघ मिळाला तो १९९५ मध्ये. या रॅप्टर्स संघाने २०१९ मध्ये अजिंक्यपद मिळवले.

नियम, मैदान व चलन : विस्ताराच्या उलट्या दिशेचे एक उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. कॅनडाची फुटबॉल लीग १९९३ मध्ये अमेरिकेत शिरली (हा फुटबॉल म्हणजे रग्बीसारखा, चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ). तिचे मैदान ११० यार्ड लांब व ६५ यार्ड रुंद, अमेरिकी मैदान १०० यार्ड लांब व जेमतेम ५३ यार्ड रुंद. एका बाजूला खेळाडूही ११ ऐवजी १२. अमेरिकेतील जुन्या स्टेडियममध्ये हे मैदान बसेना, म्हणून काही ठिकाणी टोकाच्या क्षेत्राची खोली कापावी लागली. कॅनडातील संघांना ठरावीक संख्येने स्वदेशी खेळाडू घेणे बंधनकारक होते, अमेरिकी संघांना नव्हते. म्हणजे एकाच स्पर्धेत दोन न्याय. सप्टेंबर उजाडला की तेथे शुक्रवार शाळांच्या, शनिवार महाविद्यालयांच्या व रविवार एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या फुटबॉलचा असे आणि पाहुण्या लीगची बाके रिकामी पडत. १९९५ मध्ये बाल्टिमोरने या लीगचा अजिंक्यपदाचा चषक, ग्रे कप, जिंकला. हा चषक जिंकणारा तो एकमेव अमेरिकी संघ होय. पण त्याच सुमारास एनएफएलचा संघ त्या शहरात येणार असे जाहीर झाले, विजेता संघ माँट्रिऑलला हलला आणि उरलेले अमेरिकी संघही बंद झाले.

हॉकी व बास्केटबॉलच्या लीगमधील कॅनडाच्या संघांचे दुखणे वेगळे होते. तिकिटांचे उत्पन्न कॅनडाच्या डॉलरमध्ये, खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये. नव्वदीच्या दशकात कॅनडाचा डॉलर घसरत गेला तसे क्वेबेक (१९९५) व विनिपेग (१९९६) यांचे हॉकी संघ अमेरिकेत गेले. व्हँकूव्हरचा बास्केटबॉल संघ २००१ मध्ये मेम्फिसला गेला. चलन हे एकमेव कारण नसले तरी ते दुय्यम मानणारी मते पटत नाहीत.

सामन्यांचे स्थलांतर : एनएफएलने २००७ मध्ये युरोपातील आपली दुय्यम लीग गुंडाळली आणि त्याच वर्षी लंडनच्या वेम्बली मैदानावर नियमित हंगामातील सामने सुरू केले. पुढे म्युनिक (२०२२) व साओ पाउलो (२०२४) यांची भर पडली. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये (सॉकर) हे तितके सोपे गेले नाही. २००८ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगने परदेशातील पाच शहरांत एकूण १० जादा सामन्यांची कल्पना मांडली. लीगमध्ये २० संघ. प्रत्येक जण उरलेल्या १९ जणांशी घरच्या व परक्या मैदानावर एकेकदा खेळतो, म्हणून सामने ३८. एकोणचाळिसावा सामना एखाद्याला तगड्या संघाशी, तर दुसऱ्याला कच्च्या संघाशी पडणार आणि गुणतक्त्याचा समतोल ढळणार. प्रेक्षकांच्या रोषापुढे योजना मागे पडली. स्पेनच्या ला लीगाने घरचाच सामना परदेशी नेण्याचा मार्ग धरला. डिसेंबर २०२५ मध्ये व्हियारेआल–बार्सिलोना सामना मायामीत ठरला होता. ऑक्टोबरमध्ये खेळाडूंनी सामन्यांच्या प्रारंभी १५ सेकंद जागेवर निश्चल उभे राहून निषेध केला आणि काही दिवसांत तो बेत रद्द झाला.

विस्ताराचे समर्थक प्रक्षेपण हक्कांचे उत्पन्न व दूरदेशीच्या चाहत्यांचा हक्क पुढे करतात. दुसरा युक्तिवाद दाद देण्याजोगा आहे. पण परगावी नेलेल्या सामन्याची किंमत हंगामभराचे तिकीट काढलेल्या घरच्या प्रेक्षकाला मोजावी लागते आणि निर्णयात त्याला विचारले जात नाही. कायम वसलेल्या संघाबाबत ही हरकत उरत नाही. परदेशी शहराला दर आठवड्याला स्वतःचा म्हणता येईल असा संघ मिळतो आणि मायदेशातल्या शहरांचे काही हिरावले जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमधील न्यूझीलंडचा वॉरियर्स संघ १९९५ पासून टिकून आहे, हे या मताला पूरकच ठरते.

भारत : आयपीएल २००९ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे दक्षिण आफ्रिकेत, तर २०२० मध्ये कोविडमुळे संयुक्त अरब अमिरातीत भरली. ही सोय होती, विस्तार नव्हे. खरा विस्तार मालकीच्या वाटेने झाला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या एसए२० लीगमधील सहाही संघ आयपीएल संघमालकांचे आहेत. मुंबई इंडियन्सच्या मालकांचे संघ केप टाउन, अमिराती व न्यूयॉर्क येथेही आहेत. त्यामुळे यजमान क्रिकेट मंडळाला पैसा मिळाला. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रमुख खेळाडू एसए२० मध्ये गुंतल्याने दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला कसोटीसाठी दुय्यम संघ पाठवला. पहिलीच कसोटी खेळणारा नील ब्रँड त्याचा कर्णधार होता. मालिका २–० अशी गेली. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध न्यूझीलंडने जिंकलेली ही पहिली कसोटी मालिका. विस्ताराचा भुर्दंड यजमान देशाच्या खेळावर पडल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

भारतात आलेल्या परदेशी लीगमध्ये एनबीएचा उल्लेख करावा लागेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात इंडियाना व सॅक्रामेंटो यांचे दोन सामने झाले. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून शाळकरी मुलांना बोलावले होते. तो जादा वेळेत गेला आणि इंडियानाने १३२–१३१ असा जिंकला. हंगामपूर्व सामने असल्याने ते गुणतक्त्यात धरले गेले नाहीत.