कुत्रा सोबत असला की बिबट्या येत नाही? उलटं आहे राजेहो

वैनगंगेच्या रेतीवर रात्री मुक्काम करायचा म्हटलं की सगळे सांगतात, "कुत्रा घेऊन जा, बिबट्या फिरकत नाही". अहो, कुत्रा तर त्याचं खाणंच आहे! नगरकडच्या अकोले तालुक्यात (आपलं अकोला नाही) बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला त्यात सगळ्यात जास्त कुत्राच निघाला. भुंकून तो आपल्याला सावध करतो हे खरं, पण त्याच आवाजानं बिबट्यालाही पत्ता लागतो, म्हणून रात्री बाहेर बांधून ठेवू नका, गाडीत झोपवा. अन् टॉर्चमध्ये डोळे चमकले की लगेच बोंबलू नका, कोल्हा, रानमांजर, अगदी रेतीवरच्या आठ पायांच्या कोळ्याचेही चमकतात, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या थरावरून उजेड परत फिरतो, बस.